बोसन आणि मुंबईला उतरवलेली मुलगी

"कुत्रा पाळा, भिंतीला खिळे ठोका, मोठ्याने गाणी लावा, माझी हरकत नाही," घरमालक म्हणाले, "पण या घरात लवंग आणायची नाही."

मला वाटलं, माझंच ऐकण्यात काहीतरी चुकलं. आम्हाला न्यूझीलंडला येऊन थोडेच महिने झाले होते आणि किवी लोकांचे उच्चार अजून कानात बसत नव्हते. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, "लवंगच म्हणतायत ते. क्लोव्हज."

२०१२ सालची गोष्ट. वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधलं हे घर बघायला अंगणात आणखी चार-पाच कुटुंबं उभी होती. सगळे आमच्यापेक्षा जुने, नोकरीत मुरलेले. आपल्याला काही हे मिळत नाही असं धरूनच मी चालले होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "इंडियात कुठले?"

"नाशिकचे. मुंबईपासून जवळ आहे."

"बॉम्बे?" ते म्हणाले. मग खिशातून किल्ल्या काढून त्यांनी सरळ माझ्या हातात ठेवल्या आणि अंगणातल्या बाकीच्या लोकांना सांगितलं, "घर गेलं. थँक यू, घरी जा."

मुंबईचं आणि लवंगेचं हे काय प्रकरण आहे ते कळायला थोडा वेळ गेला.

ते मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांच्या कॉटेजमध्ये एकटेच राहत. आयुष्यभर समुद्रावर होते, आधी मालवाहू जहाजांवर आणि शेवटी वेलिंग्टनहून साउथ आयलंडला जाणाऱ्या फेरीबोटीवर. नवऱ्याने एकदा त्यांना कौतुकाने 'कॅप्टन' म्हटलं तर त्यांना अजिबात आवडलं नाही. "कॅप्टन लोक पांढरे हातमोजे घालून जेवायला बसतात. मी बोसन होतो." बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव बोसन पडलं.

दोराशिवाय त्यांचं पान हलत नसे. फाटक, कचऱ्याचे डबे, टोमॅटोची रोपं, सगळं ते बांधून ठेवायचे, कारण वेलिंग्टनचा वारा. माझ्या कपड्यांच्या दोरीला त्यांनी मारलेली गाठ मला कधीच सोडवता आली नाही. कडाक्याच्या थंडीतसुद्धा पायात जँडल्सच, म्हणजे आपल्या साध्या रबरी चपला, आणि आत लोकरीचे मोजे. अंगठ्यापाशी मोजा इतका दाबला जायचा की त्यांचे पाय बदकासारखे दिसत. एखादी गोष्ट पटली की "स्वीट ॲज". नाही पटली तर काहीच बोलायचे नाहीत, चष्मा काढून पुसत बसायचे.

आणि शिटी. बोटीवर हुकूम द्यायची पितळी शिटी त्यांच्याकडे होती. ज्या दिवशी कचऱ्याची गाडी यायची त्या सकाळी ते फाटकात उभे राहून ती वाजवायचे, आणि सगळी गल्ली डबे बाहेर आणून ठेवायची. समोर नव्याने आलेल्या जोडप्याने काउन्सिलकडे तक्रार केली. पुढच्याच आठवड्यात बोसन मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होते. शिटी वाजली नाही, गल्लीतल्या निम्म्या घरांचा कचरा तसाच राहिला, त्या जोडप्याचाही. तक्रार परत घेतली गेली.

विमानात मात्र ते कधी बसले नव्हते. "एवढं लोखंड वर जायला नको," म्हणायचे.

त्यांच्या कॉटेजमध्ये शिरलं की समोरच, त्यांनी स्वतः बनवलेल्या काचेच्या कपाटात, एक जुना निळा कोट टांगलेला होता. त्यांच्या पणजोबांचा. पणजोबा इंग्रजांच्या आरमारात खलाशी होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसं पकडून शिडाच्या गलबतांमधून अरबस्तानाकडे विकायला नेत, त्या गलबतांचा पाठलाग करणाऱ्या बोटीवर त्यांची नेमणूक होती. बोसन ही गोष्ट सांगू लागले की त्यांचा आवाज बदलायचा, बसल्या जागी ते ताठ व्हायचे. पहाटे दिसलेलं शीड, वल्ही मारत केलेला पाठलाग, गलबतावर मारलेली उडी, आणि फळ्या उचकटल्यावर खालून आलेला तो वास. अंधारात एकमेकांना चिकटून बसलेली माणसं. त्यातली एक लहान मुलगी पणजोबांनी उचलून वर आणली. तिने त्यांच्या कोटाला जी मिठी मारली, ती मुंबई येईपर्यंत सोडलीच नाही. मुंबईच्या धक्क्यावर तिला उतरवताना अक्षरशः ओढून काढावं लागलं, तेव्हा कोटाचं पितळी बटण तिच्या मुठीत राहिलं.

"आणि अशा रीतीने," बोसन शेवटी म्हणायचे, "ती मुलगी स्वतंत्र झाली."

कोटावर ती बटणाची जागा अजून रिकामी होती. चार पिढ्यांत कुणी तिथे दुसरं बटण शिवलं नव्हतं. म्हणून त्यांच्या लेखी मुंबई हे पवित्र ठिकाण होतं, आणि मुंबईजवळचे म्हणून आम्हीही.

लवंगेचा उलगडाही त्यातच होता. झांझिबारच्या लवंगेच्या बागांमध्ये गुलाम राबत होते. पणजोबांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे न्यूझीलंडला येऊन स्थायिक झाल्यावर घरात लवंग येऊ दिली नाही. बाकी घराण्याने ते कधीच सोडून दिलं होतं, बोसननी मात्र धरून ठेवलं. एका नाताळाला त्यांच्या बहिणीने हॅमला लवंगा टोचल्या, तर हे ताटावरून उठून घरी आले. मी माझ्या मावशीला नाशिकहून बिनलवंगेचा गोडा मसाला पाठवायला सांगितलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "अगं, घरमालक आहे की सासू?"

दर वर्षी एकदा जवळच्या लायब्ररीत शाळेची मुलं जमायची आणि बोसन कोट घालून त्यांना ही गोष्ट सांगायचे. माझी लेकही त्यात असायची. मुलं टाळ्या वाजवायची. पहिल्या रांगेत त्यांची बहीण बसलेली असायची, डोळे टिपत. त्यांच्या वर्षातला तो सगळ्यात मोठा दिवस.

२०१४ मध्ये माझे बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, बोलणं सरळ आणि इंग्रजी तोडकंमोडकं. मी त्यांना लवंगेचं सांगायला विसरले. आणि त्यांची दाढ दुखत होती.

बाबा अंगणातल्या बाकावर उन्हात बसले होते, गालात लवंग धरून. बोसन जवळून गेले, थबकले, हवेत वास घेतला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. बोसनचा चेहरा लाल झालेला पाहून मी धावत बाहेर आले.

"काय झालं गं? मालक का रागावले?" बाबांनी विचारलं.

"मालक म्हणजे काय?" बोसननी मला विचारलं. मी अर्थ सांगितला. ते आणखीच बिथरले. "घराचा मालक. माणसांचा नाही. त्यांना सांग, मला तसं म्हणायचं नाही. आणि ते तोंडातलं का चालत नाही ते कळायला हवं असेल तर माझ्याबरोबर या."

बाबांनी निमूटपणे लवंग रुमालात काढून ठेवली आणि आम्ही दोघं त्यांच्या मागोमाग कॉटेजमध्ये गेलो.

बोसननी गोष्ट सांगितली. मी वाक्यावाक्याला मराठीत सांगत गेले. बाबा कोटाकडे बघत मन लावून ऐकत होते. शेवट आला, ती मुलगी स्वतंत्र झाली, आणि बोसन वाट बघत राहिले. इथे लोक नेहमी काहीतरी म्हणायचे.

बाबा म्हणाले, "मग पुढे?"

"पुढे काय बाबा? संपली गोष्ट. सुटली ती."

"सुटली कुठे? मुंबईच्या धक्क्यावर उतरवली. तिथे तिचं होतं कोण? विचार त्यांना, पुढे काय झालं तिचं."

मला ते विचारवेना. मी बोसनना म्हटलं, "बाबांना गोष्ट फार आवडली."

तेवढं इंग्रजी बाबांना कळत होतं. "आय नॉट सेड दॅट," ते म्हणाले आणि स्वतःच बोसनकडे वळले. "गर्ल. आफ्टर बॉम्बे, व्हेअर?"

"फ्री," बोसन म्हणाले.

"फ्री, ओके. बट व्हेअर?"

बोसननी चष्मा काढला आणि पुसायला घेतला.

मग बाबा मराठीत बोलू लागले आणि मी भाषांतर करत राहिले. नाशिकला शरणपूर म्हणून भाग आहे. आरमाराने सोडवून मुंबईला आणलेली आफ्रिकन मुलं पूर्वी तिथल्या मिशनमध्ये ठेवली होती, असं बाबा लहानपणापासून ऐकत आले होते. तिथले त्यांचे एक शाळासोबती सांगायचे. मुलांना सुतारकाम, लोहारकाम शिकवायचे. नावंही म्हणे नवीन ठेवली होती. मोठी झाल्यावर त्यातली बरीचशी परत आफ्रिकेला गेली, काही इथेच राहिली, काही लहानपणीच वारली. "आता ही मुलगी त्यांच्यात होती की नव्हती, देव जाणे," बाबा म्हणाले. "पण नाशिकात वाढली असेल तर मराठी शिकली असणार."

"मराठी?" बोसननी मला थांबवलं. "म्हणजे तू आणि तुझे बाबा आत्ता बोलताय ते?"

"हो."

त्यांनी कपाटातल्या कोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे तुझ्या वडिलांना तिच्याशी बोलता आलं असतं. मला नसतं आलं."

"तिचं नाव काय होतं?" बाबांनी विचारलं.

"आमच्या घरात तिला नेहमी 'द लिटल वन' म्हणत आले," बोसन म्हणाले. "नाव आमच्यापर्यंत आलंच नाही." मग थांबून म्हणाले, "आम्ही विचारलंच नाही."

त्यानंतर ते बरेच दिवस दिसेनात. कचऱ्याच्या दिवशी शिटी वाजली नाही. मी बाबांवर वैतागले. "बाबा, म्हाताऱ्या माणसाकडे एवढी एकच गोष्ट होती."

"मी कुठे काढून घेतली ती?" बाबा म्हणाले. "मी पुढचं विचारलं फक्त."

त्या वर्षी लायब्ररीत बोसन नेहमीसारखे कोट घालून उभे राहिले. पाठलाग झाला, फळ्या उचकटल्या, मुलगी वर आली, मुंबईचा धक्का आला. तिथे ते थांबले. मुलांना वाटलं, विसरले.

"यापुढचं मला माहीत नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी सांगत आलो की ती स्वतंत्र झाली. ती परक्या गावात होती, तिची भाषा कुणाला येत नव्हती, आणि माझे पणजोबा बोटीवर परत गेले. मला एवढंच माहीत आहे." आणि ते खाली बसले.

टाळ्या वाजल्या नाहीत. मुलांना कळेना काय करायचं. शिक्षिकेने घाईघाईने माओरीत "किया ओरा" आणि इंग्रजीत "थँक यू" म्हणून मुलांना उठवलं. बाहेर पायऱ्यांवर बहिणीने त्यांना गाठलं.

"स्वतःच्या पणजोबांना लहान केलंस तू."

"नाही," बोसन म्हणाले. "त्यांनी त्यांचं काम केलं. त्या बोटीखालच्या अंधारात मी उतरलो असतो की नाही, मला शंका आहे. पण आपण चार पिढ्या नुसत्या टाळ्या घेत आलो."

बहीण पुढे दीड-दोन वर्षं त्यांच्याशी बोलली नाही. त्यांना दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे हे त्यांना जड गेलं असणार. बोलून दाखवलं नाही कधी.

बाबांचा परतीचा दिवस जवळ आला तेव्हा एका सकाळी बोसन आमच्या दारात आले, चक्क बूट घालून. "तुझ्या वडिलांबरोबर मी नाशिकला जाऊ का?"

"विमानाने जावं लागेल," मी म्हटलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

पुढचं सगळं मला बाबांकडून फोनवर कळलं. विमान वर जाताना बोसननी बाबांचा हात इतका घट्ट धरला की बोटांना रग लागली. विमान स्थिरावल्यावर त्यांनी हवाई सुंदरीला विचारलं, "इथला बोसन कोण?" नाशिकला ते आमच्या घरी राहिले. मिसळ खाऊन घाम पुसत "स्वीट ॲज" म्हणाले. शेजाऱ्यांनी चहाला बोलावलं, सगळीकडे गेले, आणि प्रत्येकाला त्या मुलांबद्दल विचारत राहिले. मग बाबा त्यांना शरणपूरच्या जुन्या दफनभूमीत घेऊन गेले. तिथल्याच एका वृद्ध गृहस्थांनी बराच वेळ बरोबर फिरून जे ठाऊक होतं ते सांगितलं. पण कुणाची कबर कुठली, हे आता कोण सांगणार? बऱ्याच ठिकाणी नुसतं गवत होतं.

"म्हणजे काहीच सापडलं नाही?" मी विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. "बसला तो गवतात. मी म्हटलं, चला, ऊन लागेल. तर मला विचारतो, इथे तिला कुणीतरी हाक मारली असेल ना? काय म्हणून मारली असेल? आता मी काय सांगू? मी म्हटलं, 'ए मुली' म्हणाले असतील. नाव माहीत नसलं की आपण तसंच म्हणतो. तर तेवढं त्याने माझ्याकडून घोकून घेतलं. 'ए मुली, ए मुली.' उच्चार काही नीट जमेना. दोन-तीनदा मोठ्याने म्हणाला. मग उठला. मी बाजूला जाऊन उभा राहिलो गं."



बोसन परत आले ते वाळलेले आणि शांत. कोट त्यांनी बहिणीच्या घरी नेऊन दिला. तिने दार उघडलं नाही तेव्हा पायरीवर ठेवून आले. लायब्ररीतही पुन्हा गेले नाहीत. मला वाटलं, हा माणूस आता मिटत जाणार.

पुढच्या वर्षी आमच्या भागात काही निर्वासित कुटुंबं आली. सरकार त्यांना घर देतं आणि सुरुवातीच्या दिवसांत मदतीला स्वयंसेवक असतात. बोसननी नाव नोंदवलं. त्यांच्या वाट्याला बुरुंडीची एक बाई आली, दोन मुलांना घेऊन छावण्यांमध्ये कितीतरी वर्षं काढलेली. ती यायच्या आधी बोसन आठवडाभर अंगणात तिच्या नावाचा उच्चार घोकत फिरत होते. त्या नावात त्यांना न जमणारं एक अक्षर होतं. विमानतळावर त्यांनी ते नाव उच्चारलं तेव्हा ती हसली, म्हणजे बहुतेक चुकलंच असावं. ते म्हणाले, "पुन्हा सांगा." तिने सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. सामान घेऊन लोक बाजूने जात होते आणि हे दोघं तिथेच उभे, बरोबर येईपर्यंत.

ती कशी पळाली, काय पाहिलं, हे त्यांनी तिला कधीही विचारलं नाही. मी एकदा उत्सुकतेने काही विचारणार होते तर मला डोळ्यांनी गप्प केलं.

इतर स्वयंसेवक काही महिन्यांनी थांबतात. तसा नियमच असतो. बोसन थांबले नाहीत. "माणसाला धक्क्यावर उतरवून निघून जाणाऱ्यांपैकी आमचं घराणं," ते मला म्हणाले. भिंतींना बुरशी धरली तेव्हा ते तिच्यासाठी सरकारी हाउसिंगच्या ऑफिसात जाऊन इतक्या वेळा बसले की तिथली माणसं त्यांना बघूनच फोन उचलायची. मुलांना पोहायला शिकवलं. तिला गाडी शिकवली, त्या शिकवण्यात दोघांची कडाक्याची भांडणं झाली. ती आधी एका वृद्धाश्रमात साफसफाई करायची, मग शिकून तिथेच रुग्णांची देखभाल करू लागली. लायसन्स काढलं, जुनी का होईना गाडी घेतली. आणि दर शनिवारी बोसन हत्यारांची पेटी घेऊन तिच्या दारात हजर. नळ बघ, स्मोक अलार्म तपास, फाटक बांध.

एकदा ती मला दुकानात भेटली. म्हणाली, "चांगला माणूस आहे. पण माझ्या घरात आता मोडलेलं काही उरलं नाही, ते याला कोण सांगणार?"

२०१८ मध्ये बोसनची नजर अधू झाली. गाडी चालवणं बंद झालं, म्हणून शनिवारी मी त्यांना तिच्याकडे सोडायची. एका शनिवारी तिने दार उघडलं, बोसनच्या हातातून हत्यारांची पेटी काढून घेतली आणि माझ्या गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली.

"आज काम नाही," ती म्हणाली.

"तो नळ..."

"नळ माझ्या मुलाने बसवला. चांगला चालतोय. आत या आणि बसा. तूही ये," मला म्हणाली.

बोसन सोफ्यावर बसले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचेना. तिने ताट आणलं, भात, घेवडा, तळलेली केळी. ते खाली मान घालून जेवले. मग ती समोर खुर्ची ओढून बसली आणि तिने विचारलं, "तुम्ही कसे आहात?"

"मस्त."

"नाही. खरं सांगा."

आणि बोसननी सांगितलं. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहत होते, मलाही माहीत नव्हतं. मधली नजर गेली होती, कडेचंच थोडं दिसत होतं. डोळ्यांत इंजेक्शनं घ्यायला हॉस्पिटलात बोलावलं होतं आणि ते दोनदा गेलेच नव्हते. कॉटेजमध्ये एकटं असताना भीती वाटते, असंही म्हणाले. बहिणीने कोट घेतला, आता बोलते, पण तीही थकली आहे.

"मंगळवारी मला सुट्टी असते," ती म्हणाली. "मी नेईन तुम्हाला."

"छे, छे. तू कशाला. मी टॅक्सीने..."

"मी विचारत नाहीये," ती म्हणाली.

परतताना गाडीत त्यांनी मान खिडकीकडे वळवली होती. मला वाटलं, दुखावले. घराजवळ आल्यावर एकदम हसायला लागले. "तुला कळलं का काय झालं ते? तिने मला कामावरून काढलं."

"वाईट वाटलं?"

"हीप्स," ते म्हणाले. म्हणजे खूप. आणि हसतच राहिले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात ते गेले. शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी पाळीपाळीने त्यांची बहीण आणि ती बुरुंडीची बाई बसायच्या. दोघींचं आपसात फार जमलं असं नाही, पण पाळ्या चुकल्या नाहीत.

मला मात्र आठवतो तो पहिला मंगळवार. बोसन सकाळपासून तयार होऊन बाकावर बसले होते. फाटकाशी तिची गाडी थांबली, हॉर्न वाजला. ते चाचपडत गेले आणि मागचं दार उघडू लागले.

"मी काय टॅक्सी आहे?" आतून तिचा आवाज आला. "पुढे या."

ते वळसा घालून पुढे आले. तिने आतून हात लांबवून दार उघडलं. त्यांना बेल्टची खाच सापडेना, तेव्हा तिने वाकून तो लावून दिला आणि त्यांनी लावू दिला. मग तिने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला, आणि गाडी सावकाश रस्त्याला लागली.